पडद्यातल्या होडीचा नारळ

दर्याचे नियम टीव्हीतल्या दर्यालाही लागू असतात, असं मानणारा माणूस अख्ख्या रेवदंड्यात एकच, आणि तो माझा धाकटा मेहुणा. स्वतःची बोट आहे, केस पिकलेत. पण पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की दिवसभर व्हिडिओ गेम खेळतो. टीव्हीसमोर चपला काढतो. पडद्यावर देऊळ आलं की बटणं सोडून हात जोडतो. शत्रू जेवत असला तर त्याचं जेवण होईपर्यंत थांबतो. "भरल्या ताटावरून उठवून मारायचा न्हाय," म्हणतो, आणि तोवर स्वतःच मरतो.

माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, यंदाच गेली. सुतक फिटल्यावर हा गेमचं यंत्र काखेत घेऊन माझ्याकडे हजर. समुद्री चेटकिणींच्या ज्या चित्रपटमालिकेचा एकही भाग तिने सोडला नव्हता, तिच्यावरचाच गेम. त्यात एक पात्र निवडायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्याचं आयुष्य जगायचं. याने होडीवाली निवडली आणि तिला बहिणीचं नाव दिलं. मी रागाने पुस्तकात तोंड घातलं. "भावोजी, नुसता धरून तरी बघा," म्हणत त्याने रिमोट हातात कोंबला. बाजारातून चालवताना मी तिला थेट कोळंबीच्या टोपलीत पाडलं आणि मोठ्याने हसलो. मग शरमेने उठून खिडक्या लावल्या. पुढे रोजच दुपारी लावू लागलो.

एकदा शेजारच्या काकी आल्या. मी घाईने टीव्ही बंद करून चेहरा पाडला. मेहुणा शांतपणे म्हणाला, "बसा काकी, भावोजींची पाळी हाय." मला मान वर करवेना. काकी म्हणाल्या, "खिडक्या लावून हसता व्हय? मला वाटलं रडताय, म्हणून आले."

पुढच्या बेटावर होडीने जायचं होतं. मेहुणा होडीवालीला धक्क्यावरून हलू देईना. नारळी पुनवेआधी दर्यात जायचं नाही.

"अरे, हा खोटा समुद्र आहे," मी म्हणालो.

"खोटा हाय, तर खिडक्या कशाला लावता?"

पुनवेला त्याने खाडीत दोन नारळ सोडले, एक स्वतःच्या बोटीचा, एक तिच्या होडीचा. दुसऱ्या दिवशी तो मासेमारीला गेला. निघताना म्हणाला, "माझी वाट बघू नका. लय दिवस बसवून ठेवलीय तिला."

आज दुपारी मी टीव्हीसमोर चपला काढल्या. ती धक्क्यावर उभी होती, केस वाऱ्यावर. त्या बेटावर काय असेल, हे बघायची मला फार उत्सुकता होती, आणि त्या उत्सुकतेची लाजही वाटत होती. उठून आधी खिडकी उघडली. खाडीवरचा वारा आत आला. मग तिच्या होडीचा दोर सोडला.