पाणी नितळ निघेपर्यंत

मी निघाले तेव्हा नेकनूरच्या स्टँडवर आम्हा मायलेकींचं भांडण जुंपलं होतं. कारण काय, तर वाकळ. माझी एकच मोठी बॅग, विमानवाल्यांनी ठरवून दिलेलं वजन, त्यात नर्सिंगची पुस्तकं, काळा मसाला, दोन स्वेटर. आणि ऐन वेळी माय जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ खांद्यावर टाकून आली. मी म्हटलं, माय, तिथं रजया विकत मिळतात. ती म्हणाली, "मिळत असतील. त्यात तुझ्या बापाचं धोतर असतंय का?" तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली आणि तिनं वाकळ खिडकीतून माझ्या मांडीवर कोंबली. भांडणाच्या नादात रडायचं दोघींचंही राहूनच गेलं. मुंबईला विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा मी पुस्तकं काढून मामेभावाच्या हातात दिली आणि वाकळ घेऊन गेले.

हे मी गल्लीत राहिलेल्या तुम्हा बायांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या दूर जाऊन पडलेल्या पोरींसाठीही. त्या वाकळेपायी पुढं जे घडलं त्यानं मी अजून हादरलेली आहे. तुमच्यातल्या काहींना ते माझ्याआधीपासून ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं मी ते कुणाला धड सांगितलेलं नाही.

अंबाजोगाईला नर्सिंग केलं आणि आयर्लंडमध्ये लिमरिकजवळच्या एका लहान गावात वृद्धाश्रमात नोकरीला लागले. तिथं पाऊस थांबतच नाही. बाया भेटल्या की पहिली तक्रार एकच, कपडे वाळत नाहीत. आपल्याकडं जन्म गेला कपडे भिजवायला पाणी शोधण्यात, आणि इथं या ऊन शोधतात! पहिल्या हिवाळ्यात मी हीटरच्या अंगाला वाकळ घेऊन बसायचे आणि वर्षभरात परत जायचं असं रोज ठरवायचे.

मग सोबतच्या एका नर्सनं मला गुरुवारच्या शिवणमंडळात नेलं. गावच्या हॉलमध्ये पंधरा-वीस बाया जमायच्या. कुणी विणकाम, कुणी भरतकाम, बहुतेक जणी रजया. तिथं मला पहिला धक्का बसला. या बाया दुकानातून कोरं करकरीत कापड आणायच्या, त्याचे चौकोनी तुकडे करायच्या आणि तेच तुकडे पुन्हा जोडत बसायच्या. धडधाकट कापड फाडून ठिगळं! मायला फोनवर सांगितलं तर तिला आधी खरंच वाटेना. मग म्हणाली, "त्यांच्या घरी जुनं होतच नसंल काही, बिचाऱ्यांच्या."

मंडळाची रीत अशी की प्रत्येकीनं आपलं काहीतरी आणून दाखवायचं. माझी पाळी आली तेव्हा दाखवायला माझ्याजवळ वाकळच होती. मंडळ चालवायची मॉरीन, एक निवृत्त शाळामास्तरीण. तिनं वाकळ टेबलावर पसरली, उलटी केली, बोटानं टाके चाचपले आणि विचारलं, हे डिझाइन कुणाचं? मला हसूच फुटलं. डिझाइन कसलं, जिथं फाटलं तिथं जे हाताला आलं ते लावलं. पण त्या हसल्या नाहीत. एकेक जण उठून बघून गेली. बापाच्या धोतरावर मायनं घातलेला धावदोरा त्या परमुलखातल्या बाया चष्मा लावून बघत होत्या आणि माझा ऊर भरून आला होता.

मग मी आपल्या संस्थेचं सांगितलं. बीडला हेलपाटे घालघालून मायनं आणि गल्लीतल्या अकरा जणींनी नोंदवून आणलेली महिला शिवणकाम सहकारी संस्था. माय अध्यक्ष, शेवंतामावशी सचिव, आणि विहाराच्या ओसरीत मांडलेल्या चार मशिनी. दुष्काळाचं तिसरं वर्ष चाललं होतं. ब्लाउज शिवायला कुणी टाकत नव्हतं, मशिनींवर धूळ बसली होती. मॉरीन म्हणाली, बारा वाकळा मागव, आपण हॉलमध्ये प्रदर्शन भरवू. मायला कळवलं, तर आमच्या चिंध्या बघायला माणसं येणार का, असं तिनं दोनदा विचारलं. दोन महिन्यांत बारा वाकळा तयार झाल्या.

आता इथून पुढं माझी चूक. मंडळातल्या एका बाईला दम्याचा त्रास, धूळ चालत नाही. शिवाय जुन्या कापडाचा रंग जातो, तो खालच्या कापडाला लागू नये म्हणून त्या लोकांचा एक नियम आहे: कापड धुवायचं, पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं. मॉरीननं मला तसं कळवायला सांगितलं. मी ड्यूटीच्या मधल्या दहा मिनिटांत मायला फोन लावला आणि म्हटलं, वाकळा पाठवण्याआधी दोनदा धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. कावून, कशासाठी, ते सांगितलंच नाही. मग ती म्हणाली, "बरं. धुते." मी फोन ठेवून पेशंटला गोळ्या द्यायला गेले.

मी नेकनूरजवळची पोरगी. वाकळ पाणी किती पिते हे मला शिकवायला नको. आमच्यात घट बसवत नाहीत, पण वाकळा धुवायच्या त्याच दिवसांत, कारण तेवढेच दिवस ओढ्याला पाणी. दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची, तरी चार दिवस ओली राहते. दुष्काळात तर वाकळ धुवायचं नावच नाही. कुंपणावर टाकायची, काठीनं झोडपायची, की झाली स्वच्छ. हे सगळं मला माहीत होतं. तीन वर्षं नळाखाली हात धरला की पाणी येत होतं, आणि तेवढ्यात मी ते विसरले.

वाकळा आल्या. प्रदर्शन दणक्यात झालं. लोक म्हणाले, किती मऊ, किती स्वच्छ. मी फोटो काढकाढून मायला पाठवले. "चांगलं झालं बाई," एवढंच ती म्हणाली. दर रविवारी आमचं बोलणं व्हायचं. पाण्याचं विचारलं की म्हणायची, चाललंय.

मे महिन्यात रजा काढून गावी गेले. बॅगेत मंडळातल्या बायांनी सह्या केलेलं भलंमोठं कार्ड, सुया, रंगीत दोऱ्याची रिळं. भर दुपारी पोचले तर गल्लीत टँकर लागलेला. विहाराशेजारी समाईक टाकी आहे, तीत टँकर रिकामा करतात आणि मग पाळीनं वाटप होतं. घागरींची रांग लागलेली होती. रांग संपल्यावर दहा पावलं मोकळी जागा, आणि तिथं आमची घागर एकटी ठेवलेली. माय लिंबाखाली बसून होती. टाकीची चावी शेवंतामावशीच्या कमरेला. गेली पाच-सात वर्षं ती चावी मायकडं असायची, कारण सख्ख्या बहिणीलाही ती एक तांब्या जास्त देणार नाही अशी तिची ख्याती. मला वाटलं, माय आजारी पडली असंल, म्हणून चावी दिली असंल.

मी शेवंतामावशीला विचारलं. तिनं उलट मलाच विचारलं, "तुला सांगितलं न्हाई व्हय तिनं?"

मग तिनंच सांगितलं. माझा निरोप आल्यावर बाकीच्या जणी म्हणाल्या होत्या, झोडपून पाठवू, त्यांना काय कळतंय. माय ऐकेना. टँकरच्या दोन खेपांचं आपल्या वाटचं पाणी तिनं वाकळांवर घातलं. दहा वाकळा झाल्या. राहिलेल्या दोन लाल पातळांच्या होत्या, त्यांचा रंग जायचा काही थांबेना. आणि मग एका पहाटे मायनं समाईक टाकी उघडली. सात घागरी काढल्या. बाया उठून बाहेर आल्या त्या गटारातून वाहणारं लाल पाणी बघून. त्या दिवशी तीन घरांतल्या लेकरांना प्यायला पाणी पुरलं नाही. गल्ली बसली आणि ठरवलं: चावी काढून घ्यायची, आणि टँकर बंद होईस्तोवर हिची घागर रांगेबाहेर. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर हिला.

माझ्या आजीला गावानं विहिरीला हात लावू दिला नव्हता. आमच्या बायांनी टँकरला जातपात नको म्हणून तहसीलवर धरणं धरलं होतं, माय पुढं होती. आणि आता आमच्याच गल्लीनं तिची घागर दहा पावलं लांब ठेवली होती. चार महिने. माझ्या एका फोनपायी.

घरी आल्यावर मी मायवर ओरडले. मला सांगायचं नाही? ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "तुला कावून सांगायचं? तू काय तिथून पाणी धाडणार हुतीस?" आणि गल्लीतल्या बायांनी बरोबरच केलं, तिच्या जागी दुसरी असती तर तिनंही हेच केलं असतं, असंही म्हणाली. मी विचारलं, मग टाकी उघडलीच का? दोन वाकळांचा रंग जात राहिला असता तर काय बिघडलं असतं?

तिनं चुलीत लाकडं सारली. मग म्हणाली, "उभा जन्म लोकांनी आमाला घाण म्हनलं. तू म्हनलीस, दोनदा धुवा. मला वाटलं, तिथं बी तुला म्हनत्यात."

मी तिच्याशेजारी बसले. दमेकरी बाई, रंग, मंडळाचा नियम, सगळं तिला सांगितलं. दहा मिनिटांच्या सुट्टीत एका वाक्यात सांगता आलं असतं ते. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, असं हुतं व्हय, आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी विहारात बाया जमवल्या आणि सांगितलं की दोष माझा आहे, मायची घागर रांगेत घ्या, शिक्षा मला द्या. एकीनं मला खुर्ची आणून दिली. एकीनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला पुढं केला. शेवंतामावशी अगदी मायेनं म्हणाली, "तुला कसला दोष बाई? तू आता तिकडली. तुला काय ठावं इथलं? तिला ठावं हुतं." ती मला बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी ऐकून घेतलं असतं. तो पेला मी प्यायलेही, कारण पाहुणीनं नाही म्हणायचं नसतं.

टँकर पुन्हा आला तेव्हा मी दुसरी घागर घेतली आणि मायच्या घागरीमागं नेऊन ठेवली. शेवंतामावशीनं ती उचलून रांगेत सगळ्यांत पुढं नेली, भरली आणि माझ्या हातात दिली. मी ती घरी नेऊन मायच्या पुढ्यात ठेवली. तिनं त्यातलं ओंजळभरही घेतलं नाही. तुझं पाणी हाय ते, म्हणाली.

रजा संपली, मी परत आले. मंडळात सगळं सांगितलं. मॉरीन रडली. पण मला त्यांचं रडणं नको होतं, आणि काय हवं होतं तेही कळत नव्हतं.

परवाच्या रविवारी मायचा आवाज वेगळा लागला. टँकर अजून चालूच आहे, पाऊस नाही. तरी बायांनी आपणहून तिची घागर रांगेत घेतली. नुसती सरकवून मध्ये ठेवली. आणि लगेच दुसऱ्या खेपेला पाळीवरून शेवंतामावशीशी तिची जुंपली. अर्धी गल्ली गोळा झाली म्हणे. "शेवंता लई भांडली गं माझ्याशी," माय सांगत होती, आणि इतकी खूश होती की मध्ये मध्ये तिला दम लागत होता.

फोन ठेवला आणि मला कळलं, मला काय हवं होतं. मला गल्लीनं माफ केलं, पण परक्याला करतात तसं. पुढच्या खेपेला गावी गेले की मी खुर्चीवर बसणार नाही. रांगेत घुसेन, शेवंतामावशीची घागर मागं सारेन आणि बघेन ती काय करते ते. तिनं माझ्या झिंज्या धरल्या, तर समजेन की माझं घर अजून तिथं आहे.