कोरडा चमचा

केसरजिजी कुणाचाही चमचा आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. किंचित ओलसर लागला तरी तो चमचा तिच्या काढ्याच्या पुडीच्या बरणीत जाणं शक्य नव्हतं. मी लग्न होऊन अकोल्याकडून सुरतेला, कतारगामच्या चाळीत आले, त्याच आठवड्यात तिने माझा चमचा परत केला. "पुसी ले, पोरी. ओलं ते गयं, सुकं ते ऱ्हायनं." तिची अहिराणी मला अर्धीच कळली, पण बाई खाष्ट आहे हे पुरतं कळलं.

जिजी अमळनेरकडची. मुलगा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, नवरा कधीच वारलेला. "तापमा गया," एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. डालड्याच्या डब्यांत तिने गवती चहा लावला होता. तो, तुळस आणि अडुळसा अशी पानं पावसाळ्याच्या आधी जुन्या लुगड्यावर सावलीत वाळायची. मुठीत धरलं की पान वाजलं पाहिजे, नाहीतर अजून दोन दिवस. मग त्या पानांबरोबर सुंठ, मिरे आणि ज्येष्ठमध खलबत्त्यात कुटायचं. चिनी मातीची बरणी उन्हात तापवायची, निवली की भरायची आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. बरणीशेजारी कुणी पाण्याचा तांब्या ठेवला तर साप दिसल्यासारखी ओरडायची. चाळीत कुणाला खोकला झाला की बाया तिच्याकडे चमचा घेऊन जायच्या. पुड्या बांधून द्यायची नाही. "तुम्हना घरमा वलावी जाई," म्हणायची. आमच्या घरांच्या कोरडेपणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

चौऱ्याण्णव साली तिचं मनगट सुजलं होतं, म्हणून कुटायचं आणि भरायचं काम माझ्याकडे आलं. वळवाचे थेंब पडले तशी मी पानं एक दिवस आधीच उचलली. ती मुठीत नीट वाजत नव्हती. ते मला माहीत होतं, पण जिजीला सांगायची हिंमत झाली नाही.

मग तापीचा पूर आला, ओसरला, मागे चिखल आणि मेलेली जनावरं राहिली. आणि एका दिवसात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द झाला, प्लेग. लूम बंद पडले. त्या खडखडाटात मला दोन वर्षं झोप येत नव्हती. आता तो थांबल्यावर तर डोळाच लागेना. लोक तोंडाला रुमाल बांधून गाठोड्यांसह स्टेशनकडे पळत होते. प्लेगवरचं टेट्रासायक्लिन दुकानांत औषधाला उरलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, असं जो तो सांगायचा. आमची अर्धी चाळ रिकामी झाली. उरलेले सकाळ-संध्याकाळ जिजीचा काढा पीत होते, मीही पीत होते. त्या बरणीत पूड आहे तोवर आपल्याला काही होणार नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

आम्हीही निघायचं ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी ह्यांना ताप भरला, छातीत दुखायला लागलं. मी दार लावून घेतलं आणि कुणाला कळू दिलं नाही. दोन दिवस काढा पाजला. तिसऱ्या दिवशी दुपारी खोकल्यातून रक्ताची रेघ आली. तरी मी दवाखान्याकडे नाही, चमचा घेऊन जिजीकडेच गेले.

तिने चमचा गालाला लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. "कितला दिवस झायात?" मी सांगितलं, रक्ताचंही सांगितलं. ती उठली, बरणीचा दादरा सोडला, आत वाकून वास घेतला आणि म्हणाली, "बुरशी लागी गयी." मी काही बोलायच्या आत तिने दारातल्या मोरीत सगळी बरणी उपडी केली. सुंठेचा धुरळा उडाला आणि आम्ही दोघी शिंकत सुटलो. त्या शिंका ऐकून समोरची दोन दारं धाडकन लागली.

मी रडायला लागले. माझ्याच हाताने झालं होतं. ती मात्र म्हणाली, "आते कायबी नही शे. ऊठ, त्याले दवाखानामा लई चाल." रिक्षावाले थांबेनात. शेवटी तिच्या मुलाने हातगाडी आणली. ती पदर तोंडाला बांधून आमच्याबरोबर दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली. हे अकरा दिवसांनी घरी आले. प्लेग होता की न्यूमोनिया, हे आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. मला ते आजही विचारावंसं वाटत नाही.

पुढे कित्येक महिने चाळीतल्या बाया मला टोमणे मारायच्या, "हिने ओली पानं भरली, ऐन वेळी सगळ्यांचा काढा गेला." जिजी ते ऐकायची आणि गप्प बसायची. मला तिचा राग यायचा आणि स्वतःची लाजही वाटायची.

चार-पाच वर्षांनी ती कायमची गावी निघाली. एसटी स्टँडवर तिने ती बरणी माझ्या हातात दिली. तेव्हा कुठे मी म्हणाले, "जिजी, त्या साली पानं मी कच्चीच भरली होती. माझ्यामुळे बुरशी लागली."

"बुरशी कोठे व्हती वं?" ती म्हणाली. "बुरशीना काढा आसा उडस का? शिंकी शिंकी नाक लाल व्हयनं व्हतं तुन्हं."

बुरशी लागलेली पूड गोळा होते, तिचा धुरळा उडत नाही. एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

"बरणीमा काढा ऱ्हाता, ते तू घरमाच बसी ऱ्हाती," ती म्हणाली. मग बसच्या पायरीवर पाय ठेवून, माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "मी बी आशीच बठेल व्हतू. नऊ दिवस पाजेल व्हता पोऱ्याना बापले. भलता चांगला काढा व्हता तो."

बस गेली. त्या बरणीत मी अजूनही दरवर्षी काढा भरते आणि चमचा गालाला लावून बघते. पण घरात कुणाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला नाही, तर मी दादरा सोडत नाही, चप्पल घालते.