कोवळी स्पॅनिश रेड
चेरीचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या गुंगालिनमधली एक गारठलेली दुपार आठवते. वाइनच्या दुकानात टेस्टिंग होतं. मी लाकडी पिंपात न मुरवलेली, कोवळी स्पॅनिश रेड मागितली आणि विचारलं, “द्राक्ष कुठलं?” दुकानदाराने उत्तर दिलं ते माझ्या नवऱ्याला, “टेम्प्रानियो, मेट. स्पेनच्या रिओहा भागातलं.” नवरा म्हणाला, “मी पीत नाही, ती विचारतेय.” तरी ग्लास त्याच्याच हातात दिला, माझ्यापुढे गोड गुलाबी वाइन ठेवली. “लेडीजना हीच आवडते.” मी नवऱ्याच्या हातातला ग्लास घेतला. ताजी, चेरीसारखी, किंचित तुरट, सुरेख होती. दुकानदाराने पुन्हा त्यालाच विचारलं, “आवडली का तिला?” “तिलाच विचारा की!” मी इतकी ओरडले की सगळं दुकान वळून बघायला लागलं. आज इतक्या वर्षांनीही त्या ओरडण्याची मला जराही लाज वाटत नाही.