तिची पूर्ण हजेरी

मी तापट बाई आहे. वर्गातली पोरं मला घाबरतात आणि घाबरायलाच पाहिजेत, असं माझं वीस वर्षांचं मत. पण सहावीतल्या एका मुलीच्या आईपुढे मी विरघळले आणि तिथंच माती खाल्ली.

आमची शाळा अल्लीपूरच्या पुढं. दिवाळी झाली की कापूस फुटतो आणि वर्ग रिकामा होतो. त्या वर्षी ती माउली शाळेच्या दारात आली, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. म्हणाली, "बाई, पोरीले वावरात नेऊन राह्यली. एकटीनं होत नाई जी. हजेरी तेवढी मांडून देजा."

मांडली. आमच्याकडे सगळेच मांडतात. गैरहजर लिहिलं की गरिबाच्या लेकराचं वाईट केल्यासारखं वाटतं. मला तर आपण फार दयाळू आहोत असं वाटलं. दया कसली, कामचुकारपणा होता तो! खरं लिहिलं असतं तर तिच्या घरी जावं लागलं असतं, चार जणांशी भांडावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी पोर परत आली. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली. अपूर्णांक शिकवून झाले होते. आधी सगळ्यांत पहिला हात तिचा वर व्हायचा. आता ती मागं बसून वहीवर रेघोट्या ओढायची. आणि मी तिच्यावरच ओरडले, "लक्ष कुठंय गं तुझं?" कोणत्या तोंडानं ओरडले, देव जाणे.

उन्हाळ्यात तालुक्याच्या मुलींच्या निवासी शाळेत जागा निघाल्या. मजुरीपायी शाळा बुडालेल्या मुलींसाठीच होत्या त्या. राहणं, जेवण, मागं पडलेला अभ्यास, सगळं तिथंच. पोरीनं हट्ट करकरून आईला तयार केलं. मीच दोघींना एसटीनं घेऊन गेले.

तिथल्या सरांनी माझा हजेरीपट उलटून पाहिला. "हिचा तर एकही दिवस बुडाला नाही."

"ती हजेरी खोटी आहे. मी मांडली," मी म्हणाले.

"लेखी द्याल?"

माझी नोकरी डोळ्यांपुढं आली. मी हजेरीपट परत घेऊन पिशवीत घातला. पोरगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, मी रोज शाळेतच होती, तं आईसंग वावरात कोन होतं?"

लिहून द्यायला मला आठ दिवस लागले. तोवर जागा भरल्या होत्या.