नाशिकचं कार्ड

मावशीला गुंतवणूक कळावी म्हणून काकांनी माळ्यावरून मुलांचा जुना ‘व्यापार’ काढला होता. मी गेले तेव्हा डाव रंगात आला होता. म्हणजे काका रंगात होते आणि मावशी खोट्या नोटा मांडीखाली दाबून बसली होती.

“अगं, दाबून पैसे वाढतात का? घर घे, भाडं येईल. उद्या मी नसलो तर?”

“काहीतरीच! फासा टाका मुकाट्यानं.”

मग तिची सोंगटी नाशिकवर थांबली. तिनं विचारलं, “घेतलं तर कार्ड कुणाकडे राहतं?”

“जो घेईल त्याच्याकडे.”

मावशीनं लगेच नोटा काढल्या.

मला संताप आला. काकांचा नाही, ते बिचारे जीव तोडून शिकवत होते. पण हे घर बांधलं तेव्हा भिंतींना पाणी मारलं मावशीनं, आणि कागदावर नाव एकट्या काकांचं. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. ‘घरावर तिचंही नाव लावा’ अशी पत्रकं मी गावभर वाटते. या दारात मात्र कधी एकही दिलं नाही. परक्यांशी भांडणं सोपं असतं.

डाव आवरताना एक कार्ड कमी भरलं. काका चटई उचलून शोधू लागले.

“नाशिक कुठं गेलं?”

“सापडेल हो,” म्हणत मावशीनं पर्सची चेन लावली.

मी पिशवीतून एक पत्रक काढलं आणि डब्यात नाशिकच्या जागी ठेवलं.