लोणार ते बीबी, दमादमानं

जालन्याहून सकाळी निघालेली एसटी सिंदखेडराजाच्या पुढे आली आणि बसमधली बोली बदलली. तोवर कानावर 'मला-तुला' पडत होतं. दुसरबीडला चढलेल्या एका शेतकऱ्याने माझ्या शेजारी टेकत विचारलं, "कोठं चालले जी?"

"लोणारला."

"सरोवर पाहाले?"

"नाही, पळायला."

त्याने माझ्या पोटाकडे आणि मग मांडीवरच्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. "पळाले? कोणाच्या मांगं?"

"मित्राच्या," मी म्हणालो. देवीदास हा माझा कॉलेजातला मित्र. पुण्यात असताना आम्ही दोघं रोज पहाटे पर्वतीपर्यंत पळायचो. पुढे मी विम्याच्या कचेरीत चिकटलो आणि तो लोणारच्या शाळेत कवायतीचा मास्तर झाला. वेगळं महाराष्ट्र राज्य होऊन आता पाच-सहा वर्षं झाली असतील. त्याचं पत्र आलं होतं : 'आम्ही तिघं शनिवारी-रविवारी पळतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. ये.' पत्र आल्यापासून दोन महिने मीही सकाळी धडपडत होतो, पण मैल-दीड मैलाच्या पुढे माझी मजल जात नव्हती.

लोणारच्या स्टँडवर देवीदास खाकी अर्ध्या चड्डीत उभा होता. केस पिकले होते, पण पोटऱ्या तशाच. "आला का बे!" म्हणून त्याने पाठीत असा धपाटा घातला की प्रवासाचा शीण तिथेच उतरला. इतकी वर्षं इथे राहून तोही पुरता वऱ्हाडी झाला होता.

संध्याकाळी सरोवराच्या काठावरून पळायचं ठरलं. आत काय आहे याची काठावर येईपर्यंत काही कल्पनाच येत नाही. सपाट रान चाललेलं असतं आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली गर्द झाडी, झाडीच्या मधोमध हिरवट, स्तब्ध पाणी. वारा फिरला की खाऱ्या पाण्याचा उग्र वास वर येतो. खालून मोर ओरडत होते.

उरलेले दोघं तिथे भेटले. गुलाबराव हे जाडजूड बागायतदार, धोतराचा काचा मारून पळणारे. दुसरे रहीमभाई, गावातले शिंपी. उंच, काटकुळे, मोजकं बोलणारे. चाळिशीच्या आतबाहेरचे.

निघालो. पहिल्या फर्लांगातच मी धापा टाकायला लागलो. देवीदास आणि गुलाबराव पुढे गप्पा मारत पळत होते, आणि रहीमभाई माझ्या जोडीने, अर्धं पाऊल मागे.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

"नाही साहेब. आपल्याइथं असंच हाये. जो मांगं, त्याच्या चालीनं सगळे."

खरंच, थोड्या वेळाने पुढचे दोघं आपोआप मंद झाले. मी थांबलो की सगळे थांबत, आणि ते थांबणं कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नसे.

रात्री देवीदासच्या घरी जेवायला त्याच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, पातोडी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) केली होती. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींनी हसत ताटात तेलाची धार सोडली. जेवता जेवता देवीदासने रहीमभाईंची हकिकत सांगितली.

तीन वर्षांपूर्वी रहीमभाईंना क्षय झाला. रक्त पडलं. दवाखान्यात सात-आठ महिने काढून, इंजेक्शनं घेऊन ते बरे होऊन आले. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. तो कागद त्यांनी दुकानात भिंतीला लावला आहे. पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. त्यांनी शिवलेला कपडा अंगाला लावायची लोकांना भीती वाटायची. आधी ते दर आठवड्याला बीबीच्या बाजारात मशीन मांडून बसत, तिथली अर्धी बायका-पोरं त्यांच्याच हातचं घालायची. आजारपणानंतर एकदाच गेले. दिवसभर कोणी जवळ फिरकलं नाही. तेव्हापासून गेले नाहीत.

"आता घर बायकोच्या गोधड्यांवर चालते," देवीदास म्हणाला. "उद्या बीबीचा बाजार आहे. आम्ही पळत जाणार आहोत. आडवाटेनं दहा-बारा मैल भरेल. गुलाबरावांच्या बैलगाडीत मशीन पुढे जाईल."

"ही कल्पना तुझी?"

"नाही रे. त्याचीच. म्हणे, कागद कोण वाचते? माहा दम पाहू द्या लोकाईले."

रविवारी तांबडं फुटायला आम्ही वेशीबाहेर जमलो. गाडी आधीच निघून गेली होती. थंडी मी म्हणत होती. रहीमभाईंनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि अंगात स्वतः शिवलेला पांढरा शर्ट होता, कडक इस्त्रीचा. पळायला असा शर्ट कोण घालतं?

माझ्या चालीने, थांबत-पळत, पहिले चार मैल फार सुखाचे गेले. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली, कपाशीची शेवटची बोंडं फुटलेली. ज्वारी निसवून दाणे भरत आले होते आणि माचाणांवर राखण करणारे गोफणी फिरवत होते. एका माचाणावरून बाईचा आवाज आला, "काऊन पळून राह्यले हो? वाघ लागला का मांगं?"

गुलाबराव न थांबता ओरडले, "वाघ आमच्या पुढं हाये, मावशे! त्याले धराले चाललो!"

एका विहिरीवर मोट चालू होती. तिथे ओंजळीने पाणी प्यालो. मोटकऱ्याने आम्हाला ओली तूर उपटून दिली. शेंगा सोलत, खात, अर्धा मैल आम्ही चालतच गेलो. मला तेवढाच विसावा.

सातव्या मैलाच्या सुमाराला माझ्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी बांधावर कोसळलोच. गाडी तर कधीच पुढे गेली होती. मी म्हणालो, "तुम्ही जा. आजचा दिवस रहीमभाईंचा आहे, माझ्यापायी उशीर नको. मी येईन हळूहळू."

रहीमभाई खाली बसले. माझा पाय मांडीवर घेऊन त्यांनी पोटरी दाबायला सुरुवात केली. त्या बोटांत चांगलीच ताकद होती.

"साहेब, मी दवाखान्यातून आलो तवा मले घरापासून मशिदीपर्यंत चालवत नव्हतं. मास्तर रोज यायचे. हा पळणारा माणूस सहा महिने माह्यासोबत चालला. एक दिवस बी म्हणला नाही का मी पुढं होतो. मंग तुमाले कसं सोडू?"

"पण बाजार..."

"बाजार दिवसभर हाये."

देवीदास उगाच लांब तुरीकडे पाहत उभा होता.

त्यानंतर आम्ही कधी चाललो, कधी पळालो. मी लंगडत होतो, पण पळत होतो. बीबी मैलभर राहिलं तेव्हा आमची वाट मोठ्या रस्त्याला मिळाली. बाजाराला निघालेल्या बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, शेळ्या, सायकली. लोक वळून पाहू लागले. "अबे, तो रहीम शिंपी नाही का?" असं कोणीतरी म्हणालेलं मी स्पष्ट ऐकलं. रहीमभाईंनीही ऐकलं असणार, कारण त्यांची मान ताठ झाली.

तेवढ्यात एक ट्रक धुरळा उडवत शेजारून गेला. धुळीचा लोट आमच्यावर आला आणि रहीमभाईंना खोकला लागला.

साधा ठसका होता तो. पण रस्त्यावरचं सगळं जणू थबकलं. आमच्या अगदी जवळून चाललेल्या एका बाईने कडेवरच्या मुलाचं तोंड पदराने झाकलं आणि ती झटकन पलीकडे सरकली. एका गाडीवानाने बैल बाजूला ओढले. रहीमभाई वाकून खोकत होते. खोकला थांबल्यावर त्यांनी रुमाल तोंडापासून दूर धरला, उलगडला आणि नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. रुमाल धुळीने मळला होता, बस्स. तरी त्यांनी तो उलटून पुन्हा पाहिला.

"मास्तर, मी जातो वापस," ते म्हणाले.

मग गुलाबराव खोकले. मुद्दाम नव्हे, धूळ त्यांच्याही घशात गेली होती. पण एकदा खोकल्यावर ते थांबेनात. तो मोठा देह गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत ते खोकत राहिले. त्यांचं पाहून माझा घसा खवखवला. गाडीवानही खोकला. गाडीतला म्हातारा खोकता खोकता ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

"घ्या!" गुलाबराव डोळे पुसत म्हणाले. "आता समद्यांईले पाठवा दवाखान्यात!"

म्हातारा हसला. गाडीवान हसला. रहीमभाई हसले नाहीत, पण त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, शर्ट झटकला आणि म्हणाले, "चला."

बाजारातून आम्ही पळतच गेलो. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, बांगड्यांची दुकानं. पोरं मागे धावत होती. आम्ही रहीमभाईंना पुढे ठेवलं होतं. निंबाखाली मशीन मांडलेलं होतं. त्यांनी तोंड धुतलं, टेप गळ्यात टाकला आणि ते बसले.

कोणी आलं नाही. लोक लांब उभे राहून बघायचे आणि पुढे जायचे. तासभर गेला असेल. गुलाबरावांनी शेजारच्या दुकानातून मांजरपाटाचं कापड फाडून आणलं. "माही बंडी शिवून टाका."

"तुमची घरी शिवतो," रहीमभाई म्हणाले. "इथं नाही. तुमी तं घरचेच."

दुपार कलली तेव्हा एक म्हातारी काठी टेकत आली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. ती सरळ मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"रहीम, लोणारहून पळत आला म्हंतात तू. खरं का?"

"हाव, माय."

"उभा राह्य."

ते उभे राहिले. म्हातारीने काठी मशीनला टेकवली आणि आपला सुरकुतलेला हात त्यांच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध ठेवला. "आता घे दम. खोल."

रहीमभाईंनी श्वास घेतला. आम्ही तिघांनीही नकळत घेतला असावा. म्हातारी मान कलती करून, डोळे मिटून उभी होती. पुन्हा घे म्हणाली. त्यांनी पुन्हा घेतला.

"सोड," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून हिरवा खण काढून मशीनवर ठेवला आणि मागे लपलेल्या नातीला दंडाला धरून पुढे ओढलं. "घे इचं माप. बाह्या ढिल्या ठेव, वाढती पोर हाये."

रहीमभाईंनी टेप काढला. माप घेताना दोनदा आकडा विसरले आणि दोनदा पुन्हा घेतलं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघी आल्या. फक्त दोघी. पदराने मुलाचं तोंड झाकणारी ती बाई पलीकडून दोनदा गेली, थांबली नाही. सगळं एका दिवसात बदललं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. परत मात्र आम्ही बैलगाडीतून आलो. माझा पाय सुजला होता आणि गुलाबराव घोरत होते. तो हिरवा खण रहीमभाईंनी सबंध वाट मांडीवर धरला होता.

मंगळवारी सकाळी माझी बस बाजारपेठेतून निघाली. रहीमभाईंचं दुकान दिसलं तशी मी खिडकीतून हाक मारली, हात हलवला. त्यांना ऐकू गेलं नाही. मान खाली होती आणि पाय मशीनच्या पायट्यावर चालत होते.

पुण्यात सगळे सरोवराबद्दल विचारतात. मीही सांगतो, पाणी हिरवं, मोर फार, उतरायला अवघड. पण बोलता बोलता मी त्या आडवाटेवर येतो. पळणं म्हणजे कोणाला तरी मागे टाकणं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. लोणारला चौघांत सर्वात मागचा मीच होतो, आणि तरी एकदाही एकटा पडलो नाही.

परवा रविवारी बूट घालून जिना उतरत होतो. तळमजल्यावरचे आपटे दारात उभे होते. वर्षापूर्वी त्यांच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हापासून ते फाटकाबाहेर पडलेले नाहीत.

"कुठे, पळायला?" त्यांनी विचारलं.

"हो. येता?"

"थट्टा करता होय? मला फाटकापर्यंत जायला दहा मिनिटं लागतात."

"मग दहा मिनिटं," मी म्हणालो आणि पायरीवर बसून त्यांच्या चपलांची वाट पाहू लागलो.