तिसऱ्या ओळीतला हुंदका

बंगळूरच्या चामराजपेटेत एक म्हातारे बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. मी त्यांना नुसतं अण्णा म्हणायचो, नाव कधी विचारलंच नाही. सूर लावताना ते डोळे मिटून पेटीला कान टेकवायचे.

तेव्हा सिनेमातलं एक प्रेमगीत प्रत्येक लग्नात वाजायचं. तिसऱ्या ओळीत गायक हुंदका गिळतो, त्याची मी अशी नक्कल करायचो की माझ्याबरोबरची निपाणीची पोरं हसून लोळायची. एकदा अण्णांपुढे केली.

"स्वल्प लवकर गिळलास," ते म्हणाले. "माझी आई उशिरा गिळायची."

"तुमची आई?"

"प्लेगात धाकटी बहीण गेली. रडणं ऐकू गेलं तर शिपाई सगळ्यांनाच छावणीत नेणार. म्हणून आई मेलेल्या पोरीला मांडीवर घेऊन दिवसभर हुंदके गिळत, हळू आवाजात अंगाई म्हणत बसली. पुढं एक सिनेमावाला पेटी न्यायला आला, तेव्हा मी तीच चाल गुणगुणत होतो."

"त्यानं चोरली की! तुम्ही भांडला नाहीत?"

"कशाला रे? आईला मोठ्यानं म्हणता आली नाही. आता भोंग्यावर वाजते."

तेवढ्यात समोरच्या मांडवात तेच गाणं लागलं. अण्णांनी डोळे मिटले, मीही मिटले. तिसरी ओळ आली. गायकानं खरंच लवकर गिळला होता.